दोन हातांचं बटण

दाजींनी मला सांगायला हवं होतं. दीड वर्ष होत आलं, तरी माझं हे म्हणणं बदललेलं नाही. ते पॅनल तीन आठवडे त्यांच्यासमोर टेबलावर उघडं पडलं होतं. त्यातल्या प्रत्येक वायरवर नंबरची चकती त्यांनी स्वतः चढवली होती. एका वाक्यात काम झालं असतं. ते वाक्य त्यांनी उच्चारलं नाही, आणि मग निघोज्याच्या शाळेत, परक्या माणसांसमोर, मला जे दिसलं ते दिसलं. त्या धक्क्यातून मी अजून पुरता बाहेर आलेलो नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही दोघंही बार्शीकडचे. मी दहावी नापास होऊन इकडे पुण्याकडे आलो तेव्हा दाजी भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग काढतात तिथे, सेटर होते, मशीनमध्ये डाय म्हणजे साचा बसवून देणारे, आणि त्यांनीच मला तिथे हेल्पर म्हणून चिकटवलं. पुढे मी नोकरी सोडली, चिखलीत एक गाळा घेतला आणि ऑपरेटर पॅनल बनवायला लागलो. ऑपरेटर पॅनल म्हणजे मशीन चालवणाऱ्याच्या पुढ्यात असते ती पेटी, बटणं, दिवे आणि दांडे असलेली. आज चाकणपर्यंत कुठल्या कुठल्या शेडमध्ये माझ्या पेट्या आहेत ते मलाही धड सांगता येणार नाही. मी कुणाच्या आधाराने उभा राहिलो नाही. ज्या साहेबांनी मला रिसेप्शनच्या सोफ्यावर तीन-तीन तास बसवून ठेवलं आणि मग पाच मिनिटांत भाव पाडायला सांगितला, त्यांची तोंडं मला पाठ आहेत. हे सांगतो ते एवढ्याचसाठी, की समोरच्या माणसाकडे बघून त्याची गरज ओळखणं यावर माझं पोट चालतं. गिऱ्हाईक खुर्चीत कसं बसतं, हात कुठे ठेवतं, याच्यावरून मी भाव ठरवतो. मला माणसाचे हात दिसतात, असं मी समजत होतो.

दाजींचा डावा हात कोपराच्या खाली चार बोटांच्या अंतरावर संपतो. तो प्रेसमध्ये गेला. त्यानंतर कंपनीने त्यांना गेटवर बसवलं, आलेल्या-गेलेल्या गाड्यांचे नंबर लिहायला. ज्या माणसाचं नुसत्या आवाजावरून डायमध्ये काय बिघडलंय ते सांगण्यात नाव होतं, तो नऊ वर्षं गाड्यांचे नंबर लिहीत राहिला. निवृत्त झाल्यावर घरी बसून ते बहिणीच्या स्वयंपाकात खोड्या काढायला लागले, तेव्हा तिनेच मला फोन करून सांगितलं की त्यांना तुझ्याकडे ने, नाहीतर मी तुझ्याकडे येते. तेव्हापासून ते रोज गाळ्यावर येतात. छोट्या व्हाइसच्या पकडीत वायर धरायची आणि उजव्या हाताने चकती चढवायची, हे त्यांनी स्वतः शोधून काढलेलं काम. मला ते चिडवायला मालक म्हणतात.

निघोज्याच्या शाळेचे अध्यक्ष गावच्या जुन्या घरातले. जमिनीवर कारखाने आले तेव्हा त्यांनी शेड बांधून भाड्याने दिल्या आणि पुढे शाळा काढली. त्यांच्या एका शेडमध्ये माझी पॅनल चालतात, तेवढीच ओळख. एक दिवस त्यांचा फोन आला. शाळेत विज्ञानाची खोली करायची होती आणि त्यात पोरांना अवकाशयान उडवता येईल असं मशीन हवं होतं. पुण्याच्या कुणीतरी तयार मशीनचा भाव दिला होता आणि तो ऐकून त्यांचं डोकं फिरलं होतं. मी करीन का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर गाळ्यातल्या कॉम्प्युटरवर शोधलं की असलं मशीन असतं तरी काय. मी धंदा असाच केलेला आहे.

त्याला सिम्युलेटर म्हणतात. कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम असतो, त्यात यान खऱ्यासारखं उडतं, खऱ्यासारखं पडतं. पुढ्यात खुर्ची आणि पॅनल. प्रोग्राम हौशी लोकांनी बनवलेला, फुकट मिळणारा निघाला. मी दोन दिवस बसलो आणि दोन्ही दिवस माझं यान धावपट्टीच्या टोकाहून थेट समुद्रात गेलं. शेवटी मी कीबोर्ड आपटला. पलीकडे वायरींत मान घालून बसलेले दाजी म्हणाले, "सरक जरा. मशीन हाय ते, तुझा सप्लायर न्हाई."

ते बसले ते बसलेच. उजव्या हाताची बोटं कीबोर्डच्या आकड्यांवर, बाजूला वही. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. पडद्यावर पृथ्वी होती, तिच्याभोवती त्यांचं यान फिरत होतं, आणि पुढे दूर एक ठिपका होता, ते अवकाशस्थानक. दाजींनी यान उलटं वळवलं आणि ब्रेक मारला. मी म्हणालो, अहो, ते पुढे चाललंय आणि तुम्ही मागे काय राहताय? ते म्हणाले, पुढच्याला गाठायचं तर वेग कमीच करायचा असतो. वेग कमी केला की यान खाली उतरतं, खालचा फेरा लहान पडतो आणि आपण पुढे निघतो. मी त्यांना ते तीनदा करून दाखवायला लावलं. तिन्ही वेळा ते पुढे निघाले. आयुष्यभर जो पुढे दिसला त्याच्यामागे मी गाडी दामटलेली, त्यामुळे मला ते पाहून चमत्कारिकच वाटलं. दाजींना त्यात चमत्कार वगैरे वाटला नाही. डायचं सेटिंग आहे, म्हणाले, कळलं की सोपं असतं.

त्याच सुमाराला बहिणीचा फोन आला. ते हल्ली रोज दाढी करतात, ती म्हणाली. काय लावलंयस त्यांच्या मागे?

अध्यक्षांनी पुढच्या भेटीत विचारलं की मशीन बसवल्यावर शिकवणार कोण. शाळेच्या विज्ञानाच्या मॅडम तिथेच होत्या. त्यांना आठवडाभराचे तासच पुरत नव्हते. मी लगेच म्हणालो, आमचे दाजी शिकवतील, दर शनिवारी. त्या मॅडम शांत, पण पक्क्या होत्या. त्यांनी सांगितलं की हरकत नाही, मानधनही देऊ, पण आधी त्या गृहस्थांनी आमच्यासमोर तुमच्याच मशीनवर यान उडवून दाखवायचं. जमलं तर शनिवार त्यांचे. नाही जमलं तर शाळा दुसरा माणूस बघेल.

गाळ्यावर येऊन मी दाजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी वही मिटली आणि पुन्हा उघडली. मग विचारलं, "मास्तर म्हनतील व्हय मला?" मी म्हणालो, सर म्हणतील. ते हसले. गेटवर त्यांना सगळे 'ओ काका' म्हणायचे.

तर गोष्ट एवढीच होती. त्या एका दिवशी, त्या एका मशीनवर, दाजींना यान उडवून दाखवायचं होतं. आणि मशीन मी बनवणार होतो.

आधी दांडे निवडायचे होते. यानाला दोन तऱ्हेने हलवावं लागतं. एक म्हणजे जागच्या जागी वळवायचं, आणि दुसरं म्हणजे न वळवता पुढे-मागे, वर-खाली, बाजूला सरकवायचं. जगभरचे हौशी लोक यासाठी दोन दांडे घेतात, एकेका हातात एक. बाजारात गेमचे दांडे मिळतात. दोन आणून बघितले. प्लास्टिकचे, हातात घेतले की करकर वाजणारे, आणि मोकळे सोडले तरी पडद्यावर आकडा थरथरायचा, यान आपोआप वळायला लागायचं. चाळीस पोरांनी ते एका महिन्यात मोडले असते. मी ते दुकानदाराच्या गळ्यात परत मारले. तो परत घेत नाही म्हणत होता, पण अर्धा तास दुकानात उभा राहून मी मोठ्याने बोलत राहिलो, तेव्हा घेतले.

मग मी कुरुळीजवळच्या एका भंगारवाल्याकडून जुन्या क्रेनचा जॉयस्टिक काढला. लोखंडी, आत स्प्रिंग, सोडला की बरोबर मधोमध येऊन उभा राहतो. असे दोन घ्यायचं माझ्या मनात होतं. दाजी म्हणाले, एकच पुरे, शेजारी एक फिरतं बटण लाव, डावीकडे फिरवलं की वळायचं, उजवीकडे फिरवलं की सरकायचं. मी खूश झालो. एका दांड्याचा खर्च वाचला. दाजींच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, दाजी, तुम्ही आता धंदा शिकलात.

एका हाताचा माणूस एक दांडा मागत होता आणि मी त्याला काटकसरीची शाबासकी देत होतो. आणि तो ती घेत होता.

नंतर प्रोग्रामचं व्हर्जन. एक जुनं आणि एक नवं, दोन्ही मिळत होती. जुन्यात चंद्र म्हणजे गुळगुळीत चेंडू, त्यावर खड्ड्यांचं चित्र चिकटवलेलं. नव्यात खड्डे खरेखुरे खोल, डोंगर खरेखुरे उंच, सावल्या पडलेल्या. पण दाजी जे यान उडवायला शिकले होते ते नव्या व्हर्जनमध्ये उघडतच नव्हतं. ते दुसऱ्या कुणीतरी जुन्यासाठी बनवून ठेवलेलं होतं. शिवाय नवं आमच्या कॉम्प्युटरवर मधूनच अडखळायचं. दाजींचं मत जुन्याच्या बाजूने होतं. मी अध्यक्षांना दोन्ही दाखवली. त्यांनी नव्यातला चंद्र बघितला आणि म्हणाले, ह्योच पायजेल. मी तिथल्या तिथे हो म्हणालो आणि चांगल्या ग्राफिक्स कार्डाचे वेगळे पैसे लावले. दाजींना विचारलं नाही. त्यांनी तक्रार केली नाही. नवी वही काढली आणि नव्या व्हर्जनमधल्या यानावर पुन्हा पहिल्यापासून बसले.

आणि मग मी ते बटण लावलं.

प्रेस शॉपमध्ये काम न केलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. प्रेस म्हणजे वरून येणारा टनावारी दाब. खाली पत्रा ठेवायचा, प्रेस मारायची, भाग काढायचा, पुन्हा पत्रा. हात आत असताना प्रेस खाली येऊ नये म्हणून दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही एकाच वेळी दोन हातांनी दाबली तरच प्रेस येते. म्हणजे दोन्ही हात बटणांवर, एकही आत नाही. पण एका हाताने पत्रा सरकवत दुसऱ्या हाताने प्रेस मारली तर माल जास्त निघतो. म्हणून आमच्या काळी सगळे एका बटणाच्या फटीत रबराची पट्टी खोचायचे. ते बटण दाबलेलंच राहायचं. सुपरवायझरला माहीत होतं. सेटरला तर माहीत असणारच, कारण पट्टी बरोबर मापाची कापून द्यायचा तोच. दाजींनी मला माझ्या पहिल्या आठवड्यात कापून दिली होती. त्यांचा हात गेला त्या दिवशी त्यांच्या मशीनवरही होती. मी दोन मशीन पलीकडे होतो. त्या दिवसाबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही.

माझा स्वतःचा गाळा झाल्यापासून जिथे म्हणून काही खाली येतं, वळतं, दाबतं, तिथे मी दोन हातांचं बटण लावतो. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी लावतो. आणि आत असा रिले, म्हणजे आपोआप चालणारा विजेचा स्विच, टाकतो, जो पट्टी ओळखतो. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली पाहिजेत आणि प्रत्येक वेळी दोन्ही सुटली पाहिजेत. एक आधीपासून दाबलेलं असेल तर तो मशीन चालूच देत नाही. बटणावर लोखंडी टोपी असते. तिच्याखाली तळहातच जातो, कोपर जात नाही. या बाबतीत मी कुणाशी घासाघीस करत नाही.

सिम्युलेटरच्या पॅनलवर मुख्य इंजिन पेटवायला मी हेच लावलं. वास्तविक तिथे कुणाचा हात चिरडणार होता? कुणाचाच नाही. पण माझ्या हाताला दुसरं काही सुचलंच नाही. पेटीचं चित्र काढायला बसलो की दोन कोपऱ्यांत दोन गोल आपोआप काढले जातात. पोरांनी कीबोर्डवरून उद्योग करू नयेत म्हणून मुख्य इंजिन कीबोर्डवरून काढूनही टाकलं. आता ते फक्त त्या दोन बटणांवर होतं.

पेटी रंगवून यायला उशीर झाला. जोडली आणि मीच दोन्ही हातांनी बटणं दाबून बघितली. पडद्यावर इंजिन पेटलं. दाजी शेजारी उभे होते. मी म्हणालो, कसं वाटतं? ते म्हणाले, काम चोख हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते टेंपोत चढवलं.

शाळेच्या खोलीत अध्यक्ष, मॅडम आणि शाळेचा शिपाई होते. दाजी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, डाव्या बाहीला बहिणीने सेफ्टी पिन लावून दिली होती. मी मशीन चालू केलं आणि भाषण सुरू केलं. ते मला शब्दन् शब्द आठवतं. दांडा दाखवला, चंद्र दाखवला, आणि मग मी दोन बटणांवर आलो. म्हणालो, हे आमचं खास आहे, पुण्याच्या पार्टीकडे हे नसणार. दोन्ही हात लागतात. एका हाताने कितीही डोकं लढवा, इंजिन पेटणार नाही. माझी गॅरंटी आहे.

असं म्हणून मी वळलो. "चला दाजी, दाखवा यांना."

दाजी खुर्चीत बसले. उजवा तळहात उजव्या टोपीखाली ठेवला. डावी बाही मांडीवर होती. ते पडद्याकडे बघत राहिले.

मला वाटलं ते तयारी करताहेत. मग वाटलं घाबरलेत. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, तिथून खांद्याकडे, तिथून खाली बाहीकडे, पिनेकडे. आणि तेव्हा मला कळलं. अंगावर गार पाणी पडावं तसं झालं, असं म्हणतात, पण तसं काही झालं नाही. माझ्या कानात नुसता आवाज बंद झाला. मॅडमचे ओठ हलताना दिसत होते. मी तेवीस वर्षं रोज तो हात बघतोय. त्या हातामुळेच मी ते बटण लावतो. आणि तेच बटण मी त्या हातापुढे आणून ठेवलं होतं आणि वर गॅरंटी दिली होती.

अध्यक्षांचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. "मंग हे शिकवनार कसं?" ते शिपायाला उद्देशून हळू बोलले होते, पण खोली लहान होती.

दाजींनी खिशातून बसचं तिकीट काढलं, त्याची घट्ट घडी केली आणि डाव्या बटणाच्या फटीत खोचली. इतक्या सराईतपणे, की मॅडमना ते काय करताहेत ते कळलंही नसेल. मग उजवं दाबलं. पॅनलवर लाल दिवा लागला. पुन्हा दाबलं. पुन्हा लाल. तो रिले मीच शोधून आणला होता. तो पट्टी ओळखतो. तो तिकीटही ओळखतो.

आणि मी काय केलं? मी ओरडलो. लाजेने माणूस गप्प बसतो असं मी ऐकलंय, पण माझ्या बाबतीत सगळी लाज घशातूनच बाहेर येते. सगळ्यांसमोर मी त्यांना म्हणालो, "तीन आठवडे काय करत होतात तुम्ही? तोंड शिवलं होतं का?"

दाजींनी तिकीट काढून नीट उलगडलं आणि परत खिशात ठेवलं. माझ्याकडे बघितलंच नाही. मॅडमना म्हणाले, "बाई, हितं डावीकडं स्टूल घेऊन बसा बरं जरा."

मॅडम बसल्या. दाजींनी त्यांना डावा तळहात टोपीखाली ठेवायला सांगितलं. मग समजावून सांगितलं की मोठ्या प्रेसवर दोन माणसं असतात, एक इकडून पत्रा धरतो, एक तिकडून. तिथे चार बटणं असतात आणि चारी हात जोवर हो म्हणत नाहीत तोवर प्रेस येत नाही. आकडे मोजायचे, तीनला दाबायचं.

"एक. दोन. तीन."

लाल दिवा. मॅडमनी घाईत आधी दाबलं होतं. दुसऱ्या वेळी त्या मागे राहिल्या. दाजी म्हणाले, माझ्या हाताकडं बघू नका, आवाजाकडं ध्यान द्या. तिसऱ्या वेळी हिरवा लागला, खुर्चीखालच्या स्पीकरमधून गडगडाट आला आणि पडद्यावरचं यान चंद्रावरून उठलं. पुढचं मी नीट बघितलं नाही. एवढं आठवतं की दाजी उजव्या हाताने कधी दांडा, कधी ते फिरतं बटण, कधी पुन्हा इंजिन असं करत होते, आणि इंजिन हवं असेल तेव्हा फक्त आकडे मोजत होते, आणि मॅडम तीनला दाबत होत्या. यान एक फेरी मारून परत खाली आलं. उतरताना एका खड्ड्याच्या कडेला टेकलं आणि थोडं कललं, पण पडलं नाही.

अध्यक्ष म्हणाले, "बरं जमलं. पन पोराला तर दोन हात हायेत. पोरगं एकटंच उडवंल की. मंग मास्तर कशाला लागतो?"

मी तोंड उघडणार होतो. दाजी आधी बोलले. "पोराच्या हातात एकच बटन द्यायचं, अन्ना. दुसरं मास्तरकडं. पोरगं चुकीच्या बाजूला तोंड करून इंजिन पेटवाय लागलं, तर मास्तरनं हात उचलायचा. न्हाईतर चाळीस पोरं दिसभर नुस्ता धुरळा उडवतील."

मॅडम हसल्या. म्हणाल्या, हे बरोबर आहे, हे मला आवडलं. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. "तुज्यापरीस तुजा दाजी पक्का हाय रं. मशीन तू इकलंस, आन मशीनला आपल्याबिगार चालूच द्यायाचा न्हाई ह्यो."

दाजी तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी जुन्या व्हर्जनचीही गोष्ट काढली. नवं पाव्हण्यांना दाखवायला ठेवा, जुनं शनिवारी शिकवायला. दोन्ही एकाच कॉम्प्युटरवर वेगवेगळ्या फोल्डरमध्ये राहतात, एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. अध्यक्ष विचारात पडले, मग चालंल म्हणाले. माझं मत कुणी विचारलं नाही. मॅडमनी पुढच्या शनिवारची वेळ सांगितली आणि दाजींना 'सर' म्हणाल्या.

परत येताना टेंपो मी चालवत होतो. तळवड्याच्या चौकात सिग्नल लागला. मग मी पुन्हा तेच विचारलं, या वेळी आवाज न चढवता. का नाही सांगितलंत?

"माझा हात गेल्यापास्नं तू त्याच्याबगर एकपन पेटी केली न्हाईस," दाजी म्हणाले. "त्ये मी तुला काढ म्हनू व्हय?"

सिग्नल सुटला होता. मागून हॉर्न वाजत होते. मी गाडी बाजूला घेऊन उभी केली. दाजी खिडकीतून बाहेर बघत होते. मग म्हणाले, चल, हितं नो पार्किंग हाय.

त्यांचं हे उत्तर मला पटलेलं नाही, हे मी स्पष्ट लिहून ठेवतो. त्यांनी एक शब्द सांगितला असता तर मी दहा मिनिटांत पॅनल बदललं असतं आणि त्यांना परक्यांपुढे खिशातून तिकीट काढावं लागलं नसतं. माझ्या भावनेसाठी त्यांनी स्वतःचे शनिवार पणाला लावले. असला हिशोब मला कळत नाही आणि असल्या माणसाचा राग येतो. बहिणीलाही मी हे सांगितलं. ती म्हणाली, तुला तेवीस वर्षांत दिसलं नाही आणि राग तू त्यांचा करतोस? मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी पेटी पुन्हा उघडायला निघालो होतो. एक साधं बटण लावून टाकू म्हटलं. दाजींनी हात आडवा घातला. आता ते तसंच राहील, त्याच्यावर तर माझी नोकरी आहे, म्हणाले. डावं बटण तेवढं पेटीतून काढून लांब वायरवर दुसऱ्या खुर्चीशी न्यायला सांगितलं. मी नेलं. वायरवरची चकती त्यांनी चढवली.

आता ते दर शनिवारी सकाळी बसने निघोज्याला जातात. मी सोडतो म्हटलं तर नको म्हणतात. मी गेलो तिकडे तो एकदाच, दोन-तीन महिन्यांनी, स्पीकरची तार सैल झाली म्हणून. खोलीत पोरांची रांग होती. तार लावून झाली तेव्हा दाजी पोरांना म्हणाले की हे मशीन बनवणारे मालक, आता आपण यांची परीक्षा घेऊ. पोरं ओरडायला लागली. मला डाव्या खुर्चीत बसवलं.

दाजींनी आकडे मोजले. मी दोनलाच दाबलं. लाल. पोरं हसली. पुन्हा मोजले. पुन्हा मी आधी दाबलं. मला वाटत होतं की मी बरोबर तीनला दाबतोय. तिसऱ्या वेळीही लाल लागला तेव्हा माझं डोकं तापायला लागलं. रिले खराब झाला असेल, असं मी म्हणालो. दाजी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "रिले बरा हाय, मालक. माझं तीन म्हनून हुं दे, मग दाब."

मी डोळे मिटले आणि नुसता त्यांचा आवाज ऐकला. चौथ्या वेळी इंजिन पेटलं. खुर्ची हादरली. मी डोळे उघडले तेव्हा चंद्र खाली खाली जात होता, जुन्या व्हर्जनमधला तो गुळगुळीत चंद्र, आणि दाजींचा उजवा हात दांड्यावर होता. मला आणखी थोडा वेळ बसायचं होतं.

"उठा आता," दाजी म्हणाले. "मागं लाईन लागलीया."